तास चालू हाय!

आवडीकाकीच्या नऊ गुंठ्यांत त्या सोमवारी एकतीस माणसं उतरली.

नऊ गुंठे म्हणजे आमच्या वाडीच्या शाळेसमोरच्या मैदानाहून थोडं कमीच. तेही सलग नाही. डोंगराच्या उतारावरून पायरीपायरीनं खाली आलेली चार खाचरं आणि मध्ये बांध. एरवी तिथं लावणीला चार बायका वाकल्या तर एकीचा धक्का दुसरीला लागत नाही. त्या दिवशी मात्र खाचरात चिखल कमी आणि पाय जास्त दिसत होते.

"अरे, मागं सर ना! रोप कुठं टोचू, तुझ्या अंगठ्यात?"

"मी कुठं सरू? माझ्यामागं पांडू हाय, पांडूमागं बांध हाय, बांधावर हैबती बसलाय."

"हैबती, तू तरी उतर की रे खाली."

"जागा झाली की हाक मारा," हैबती म्हणाला आणि डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद सारखा करून त्यानं विडी शिलगावली. "मी काय पळून जात नाय. सावड फेडायला आलोय, फेडूनच जानार."

काकी वरच्या बांधावर उभी होती. हातात रोपांची मूठ तशीच. तिला तिच्याच खाचरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"दिशे," तिनं मला हळूच विचारलं, "ही सगळी कुठनं गो आली?"

"तूच बोलावलीस."

"मी एकेकाला बोलावलं!"

खरं होतं ते. आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला. तीसेक घरं, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. माझा काका अनिल भिवंडीच्या एका गोदामात आहे. दोन वर्षांपूर्वी बैल म्हातारे झाले तेव्हा त्यानं नवे बैल न घेता साठवलेल्या पैशांतून एक छोटा पॉवर टिलर पाठवला. लावणीआधी खाचरात चिखल करायचं, म्हणजे चिखलणीचं यंत्र. मागं दोन दांडे, पुढं फिरणारी पाती, दोरी ओढून सुरू करायचं. बाईनं नांगर धरायचा नाही असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. पण यंत्राचं नाव त्या नियमात घालायला कुणी विसरलं असावं. काकीनं दांडे धरले आणि पहिल्याच वर्षी तिचा हात असा बसला, की कोपऱ्यातल्या वळणावर बांधाचं ढेकूळसुद्धा हलायचं नाही.

मग सगळे तिला बोलवायला लागले. आणि काम झाल्यावर प्रत्येक जण विचारायचा, "आवडे, काय द्यायचं?"

काकी पदरानं तोंड पुसून प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची. "द्याल ते द्या."

द्याल ते द्या म्हटल्यावर माणसं काय देणार? आमच्याकडे पहिल्यापासून सावड चालते. आज मी तुझ्या शेतात राबलो, उद्या तू माझ्या. त्यामुळे जो तो म्हणायचा, "तुझ्या लावणीला येतो गो. कदी हाय?" आणि काकी सांगायची, "सोमवारी."

बारा दिवसांत तिनं एकतीस जणांना सोमवार सांगितला.

आता माझ्याबद्दल एवढंच, की मी महाडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेकडून बोलावणं येण्याची वाट बघत घरी बसले होते. तीन वर्षं थेंब मोजून काढल्यावर माणसाला काहीही मोजायची खोड लागते. म्हणून मी त्या सोमवारी फोनवर वेळ लावली होती.

नऊ गुंठ्यांची लावणी चाळीस मिनिटांत आटोपली.

शेवटच्या पाच मिनिटांत तर रोपं संपली आणि माणसं उरली. दोघा-तिघांनी लावलेलं रोप उपटून पुन्हा नीट लावलं, कारण आल्यासारखं काहीतरी करायला पाहिजे. हैबती शेवटपर्यंत उतरलाच नाही. पण "झालं! झालं!" असा ओरडा पहिला त्यानंच केला. मग एकतीस माणसं ओढ्यावर पाय धुऊन, हसत-खिदळत, आमच्या पडवीत येऊन बसली.

कारण सावडीचा दुसरा नियम असा, की ज्याचं शेत त्याचं जेवण.

"घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं पुटपुटत काकीनं तांदळाचं पिंप उपडं केलं. शेजारून दोन पायल्या उसन्या आणल्या. सुकटीचा वास वाडीभर सुटला. पांडूनं तीनदा भात घेतला आणि म्हणाला, "आवडीवैनी, पुढच्या वर्षी बी सोमवारच ठेवा."

सगळे ढेकर देत गेल्यावर मी काकीसमोर बसले.

"काकी, एकतीस माणसांची चाळीस मिनिटं म्हणजे एका माणसाचे अडीच दिवस. तेराशे रुपयांचं काम. जेवण सतराशेचं झालं."

"अन्नाचं मोजू नये गो."

"बरं. बारा दिवसांत डिझेल गेलं त्रेचाळीस लिटर. ते मोजू का?"

काकीनं मान फिरवली. कोपऱ्यात तीन पडवळं, एक भोपळा आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता. यंत्राची तेवढीच रोकड कमाई. कोंबडा अधूनमधून आमच्याकडे संशयानं बघत होता.

"आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय," ती शेवटी म्हणाली. "तुजा काका काय बोलला ठाऊक हाय? महाडजवळचे कोन नझीरभाई हायत, पिकपवाले. त्यांना यंत्र पायजे. पैसे रोख देतात. काका बोलला, लावणी संपेपर्यंत बग. यंत्र सोताचं डिझेल सुद्धा काढत नसंल तर देऊन टाक."

"आणि तुला द्यायचंय?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोंबड्याला नाही तर तिलाच कापायची गोष्ट काढली होती. "पयल्या साली त्याला हात लावला तवा भीती वाटायची. आता त्याच्या आवाजावरनं कळतं मला, माती कुठं घट हाय. नाय द्यायचं गो. पन लोकांकडं पैसे कसं मागू? सगळी घरातलीच."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाव काढायला बसले. वहीत नाही, पडवीच्या जमिनीवर कोळशानं. काकीला वही दिसली की ती उठून शेळीला पाला घालायला जाते.

"ही खालची मेर," मी एक रेघ ओढली. "याच्याखाली भाव गेला तर तुझ्या घरातलं जातं. तासाला डिझेल नव्वद. तेल, पट्टा, पाती झिजतात त्याचे सत्तर. आता तुझ्या मेहनतीचे किती धरू?"

"माझे कशाला? मी नुसती मागं चालते."

"नुसती मागं चालतेस तर मग उद्या मी चालवते."

"तू? बांधासकट नांगरशील."

"मग?"

काकीनं शेळीकडे बघितलं. शेळी पाला चघळत तिच्याकडे बघत होती.

"बाईची मजुरी तीनशे, गड्याची पाचशे," मी म्हटलं. "कुठली धरू?"

"हैबती जोत धरतो," काकी हळूहळू म्हणाली, "तवा बैलासकट दिवसाचे बाराशे घेतो. कुनी इचारत न्हाय त्याला, तू बैलांच्या नुसता मागं चालतोस का म्हनून." मग ती एकदम पुढे सरकली आणि माझ्या हातातला कोळसा घेतला. "आन् त्याच्या दिवसाचं काम माझं यंत्र दीड तासात करतं. म्हंजे तासाला आठशे झाले की लोक हैबतीकडं जानार. ही वरची मेर." तिनं दुसरी रेघ ओढली, माझ्या रेघेपेक्षा सरळ.

"आता पाणी कुठं उभं करायचं?"

दोन रेघांच्या मध्ये तिनं बराच वेळ बघितलं. खाचरात पाणी किती ठेवायचं हे ठरवताना बघते तसंच. मग बोट टेकवलं.

"पाचशे."

"बोल मोठ्यानं."

"पाचशे."

"माझ्याकडं बघून. मी महिपत आबा आहे. आवडे, काय द्यायचं गो तुला?"

काकीनं तोंड उघडलं. पदर तोंडाकडे गेला. "पाच... च्या घ्याल का, आबा?"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की कोंबडा आरवला. नंतर दिवसभर तिचा सराव चालू होता. विहिरीवर, चुलीपाशी, गोठ्यात. शेळीला तिनं अगदी स्पष्ट आवाजात भाव सांगितला. शेळीनं हरकत घेतली नाही.

बुधवारी महिपत आबांचं बोलावणं आलं.

आबा काकीचे चुलत सासरे. पंचाहत्तरी ओलांडलेले, पण आवाज असा, की ते ओटीवर खोकले तर खालच्या रस्त्यानं जाणारी एसटी थांबावी. त्यांची बायको ठकूबाय. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. त्यांचं ओढ्याकाठचं मोठं खाचर म्हणजे आमच्या वाडीतलं सगळ्यात चांगलं रान.

जाताना मी काकीला बजावलं, "यंत्राला हात लावायच्या आधी भाव सांगायचा."

"सांगते."

"आणि डिझेल मी मोजून अर्धा लिटर घातलंय. किती वेळ पुरतं ते बघायचंय."

काकी गेली. आबांच्या पाया पडली. पावसाची चौकशी झाली, मुंबईच्या नातवाची झाली, ठकूबायच्या गुडघ्याची झाली. मी बांधावरून डोळे मोठे करत होते. काकीनं माझ्याकडे बघायचं टाळलं, दोरी ओढली आणि यंत्र खाचरात घातलं.

फट्‌फट्‌फट्‌ करत ती एक फेरी गेली, दुसरी गेली. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना मान खाली. दहाव्या की अकराव्या फेरीला ती आबांसमोर आली आणि मला तिच्या पाठीवरूनच कळलं, की आता हिनं श्वास भरून घेतला.

"आबा! पाचशे!"

"काय?" आबांनी कानाला हात लावला.

"पाचशे घेनार!"

"आयकू येत नाय! मोठ्यानं बोल!"

काकीनं सगळा जीव गोळा केला. आणि नेमका त्याच क्षणी माझा मोजून घातलेला अर्धा लिटर संपला. यंत्र दोनदा ठसकलं आणि गप्प झालं. पाऊसही थांबलेला. सगळ्या खोऱ्यात पान हलत नव्हतं. त्या शांततेत काकीची आरोळी बाणासारखी सुटली.

"तासाला पाचशे रुपये घेनार मी!"

समोरच्या डोंगरानं ते इमानदारीनं परत सांगितलं. घेनार मी... नार मी... मी...

वरच्या शेतांत वाकलेल्या बायका सरळ झाल्या. पलीकडच्या बांधावर पांडूनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. ओढ्यापलीकडे हैबतीचे बैलसुद्धा थांबले. पदर तोंडावर घ्यायला काकीचे हात मोकळे नव्हते. ते दांड्यांवर होते.

"आवडे," आबा म्हणाले. त्यांना ओरडायची गरज नव्हती, तरी ते ओरडले. "घरातल्या घरात भाव? तुजं लगीन मी जमवलं!"

"व्हय आबा. त्याचं बी काय घ्याल ते सांगा."

हे तिच्या तोंडून कसं निघालं, ते तिला आजतागायत कळलेलं नाही. वरच्या शेतातून हसण्याची एक लाट आली.

"काढ तुजं यंत्र माज्या शेतातनं!"

अर्धं खाचर चिखललेलं आणि अर्धं तसंच, असं ठेवून आम्ही दोघींनी ते धूड ढकलत बाहेर काढलं. घरी येईपर्यंत काकी रडकुंडीला आली होती आणि त्याच वेळी हसतही होती. "सांगितला पन मी," ती सारखी म्हणत होती. "सगळ्यांना एकदमच सांगितला!"

पुढचे दोन दिवस यंत्र पडवीत उभं होतं. विहिरीवर टोमणे सुरू झाले. "काय गो आवडे, पानी काढायचं किती घेतेस?" "जरा बाजूला हो, तिची सावली पडली तर मिंटाचे पैसे लागतील." काकी घागर भरायची आणि निघून यायची. मी मनातल्या मनात रसायनशास्त्राची पदवी ओढ्यात सोडली होती. तिकडे काकानं फोन करून सांगितलं, नझीरभाई येत्या दोन-तीन दिवसांत पिकप घेऊन येतायत.

सगळी वाडी हैबतीकडे गेली. हैबतीची चैन झाली. पहिल्या दिवशी त्यानं भाव बाराशेचे पंधराशे केले.

"अरे, कालपर्यंत बाराशे होते ना?"

"बैलांनी आयकलं ना आवडीचं," हैबती म्हणाला. "आता ते बाराशात उठत नायत."

पण बैल दोनच आणि उरलेली शेतं पंधरा. शुक्रवारी एक बैल चिखलात बसला तो चहापर्यंत उठला नाही. इकडे रोपं वाढत होती. भाताच्या रोपाला पंचवीस दिवस होऊन गेले, की ते थांबत नाही. गाठ धरतं, मग लावलं तरी फुटवा फुटत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाडीला ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी ठकूबाय गुडघा धरत आमच्या पडवीत आली. आबा सोबत नव्हते. ती बसली नाही.

"रोपं म्हातारी झाली आन् म्हातारा रुसून बसलाय," ती म्हणाली. "आवडे, तुजा तास म्हंजे किती गो? कुठून धरायचा?"

काकीनं माझ्याकडे बघितलं नाही. "दोरी ओढली की सुरू. यंत्र बंद केलं की बंद. मदी च्या-पानी झालं, गप्पा झाल्या, दगड निघाला, पानी नाय भरलेलं, समदं त्यातच. दोरी लय जड जाते म्हनून यंत्र चालू ठेवून मी च्या प्यायची. ही दिशा बोलते, येका च्याला पावशेर डिझेल जळतं."

दोनशे मिलिलिटर, मी मनातल्या मनात दुरुस्त केलं.

"आन् त्या दिवशीचा आर्धा तास?" ठकूबायनं विचारलं.

"तो तुमाला भाव सांगायच्या आदीचा. त्याचं काय नाय. भाव सांगून केलं त्याचंच घ्यायचं."

ठकूबायनं मान डोलावली. सौदा झाला. मग तिनं एक गोष्ट केली. थेट कामाला न बोलावता ती आधी घरी गेली आणि तासाभरानं निरोप धाडला, की या.

आम्ही पोचलो तर खाचराचं रूप पालटलेलं. पाणी बरोबर घोट्याइतकं. मोठे दगड बांधावर रचलेले. एका कोपऱ्यात यंत्र चढवायला फळी टाकलेली. दोन सुना, एक नातू, सगळे पदर-चड्ड्या खोचून उभे. आबा ओटीवर पाठ फिरवून बसले होते.

वेळ मोजायला काकीनं माझा फोन दांड्याला बांधला. दोरी ओढली.

"तास चालू हाय!" ठकूबाय किंचाळली.

आणि मी जन्मात पाहिली नव्हती अशी पळापळ सुरू झाली. एक सून यंत्रापुढं दगड वेचत पळतेय, दुसरी मागून फळीनं चिखल सारखा करतेय. नातू वळणावर दांडा उचलायला अगोदरच हजर. कुणी काकीला "बरी हायस ना गो?" विचारायला तोंड उघडलं, की ठकूबाय काठी आपटायची. "गप! बोलायचं उंद्या! आज मिंटं जातात!"

विसाव्या मिनिटाला आबांनी मान वळवली. पंचविसाव्याला ते उठले. तिसाव्या मिनिटाला पंचाहत्तरी ओलांडलेले महिपत आबा धोतर वर खोचून चिखलात होते आणि यंत्रापुढे उलटे पळत काकीला हातवारे करत होते, "इकडं! इकडं गो! हा तुकडा राहिला! माजे पैसे जातायत!"

पंचावन्न मिनिटांत उरलेलं सगळं खाचर आटोपलं. मागच्या वर्षी एवढ्याच तुकड्याला चहा, पान, गप्पा आणि दगड धरून अडीच तास गेले होते.

"पंचावन्न," मी म्हटलं.

ठकूबायनं कमरेवर हात ठेवले. "तास साठाचा ना? मग उरलेली पाच मिंटं कुठं गेली माजी?"

 काकीनं चालू यंत्र तसंच वर काढलं, घरामागच्या रिकाम्या वाफ्यात नेलं आणि पाच मिनिटं फिरवलं. साठावं मिनिट संपताना बंद केलं. ठकूबायनं कनवटीची पिशवी सोडली, पाचशेची नोट काढली आणि ती काकीच्या हातावर ठेवताना मोठ्यानं म्हणाली, "हैबतीच्या बैलांना म्हनावं, निजा आता."

त्यानंतर वाडीला याडच लागलं. ज्यांना महिना कुठला चालू आहे हे विचारून सांगावं लागायचं, ते मिनिटांत बोलायला लागले. दोन शेजारी मिळून एक तास घ्यायचे, चाळीस मिनिटं तुझी, वीस माझी, आणि वीसवाला बांधावर उभा राहून चाळीसवाल्यावर पाळत ठेवायचा. यंत्र यायच्या आधी पाणी भरलेलं, दगड काढलेले. सहा तासांचं काम साडेतीनात व्हायला लागलं. मी मोजून बघितलं, गुंठ्यामागं लोकांचा खर्च हैबतीच्या जुन्या भावाहूनही कमी बसत होता आणि काकीच्या घरात डिझेल वजा जाऊन नोटा उरत होत्या. पांडू बिचारा डोकं खाजवत आला, दोन गुंठे, हातात पैसे नाहीत. काकी म्हणाली, "तुमी सावडीनं या. पन येकटं, आन् मी सांगेन त्या दिवशी. सोमवार नाय."

"आन् जेवन?"

"डबा घेऊन या."

मंगळवारी आबांच्या वरच्या खाचरांची पाळी होती. लावणीचा तो शेवटचाच तुकडा. तिसावं मिनिट चालू असताना खालच्या रस्त्याला पांढरा पिकप थांबला. त्यातून एक उंच, दाढीवाले गृहस्थ उतरले, चपला हातात घेऊन बांधाबांधानं वर आले.

"अस्सलामु... नमस्कार! आवडीताई कोण? मी नझीर. अनिलभाऊंनी—"

"बोलू नका तिच्याशी!" आबा चिखलातून गरजले. "तास चालू हाय!"

नझीरभाई दचकून थांबले. "क्या चालू आहे?"

"तास! माजे पैसे जातात! तिकडं उभं ऱ्हावा. आवडे, तू बगू नको तिकडं!"

"चाचा, मी फक्त यंत्र बघायला—"

"बगा! बगायला काय पडत नाय. बोलायला पडतं!"

नझीरभाई एकोणतीस मिनिटं बांधावर उभे होते. काकीची वळणं बघताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी गंमत होती, मग कौतुक आलं, आणि शेवटी हिशेब. यंत्र बंद झालं तसे ते पुढे आले.

"ताई, सावित्री नदीच्या पुराचं पाणी आमच्या शेतांतून परवा उतरलं. लावलेलं सगळं वाहून गेलं. आमच्या मोहल्ल्यातल्या पाच घरांना आता दुबार लावायचंय. रोपं मिळाली, पण चिखलणीला कुणी नाही. भाऊ म्हणाले यंत्र विकायचंय. पैसे आणलेत."

काकी दांड्यांवर हात ठेवून उभी होती. चिखल कोपरापर्यंत. 

"यंत्र घेतलंत तर चालवील कोन?" तिनं विचारलं.

"पोरं शिकतील."

"किती दिवसांत? पानी हाय तवर शिकतील?"

नझीरभाईंनी खाचराच्या कोपऱ्याकडे बघितलं. त्यांनी मघाची वळणं पाहिली होती.

"यंत्र विकायचं नाय," काकी म्हणाली. तिचा पदर जिथल्या तिथं होता. "पन मी येते. तासाला पाचशे. जायचं-यायचं तुमच्या गाडीनं. पानी भरून ठेवा, दगड काढून ठेवा, तुमचेच पैसे वाचतील. पसंत असंल तर सांगा, नसंल तर राग नाय."

एकदाही अडखळली नाही. शेळीला सांगितलं होतं, त्याहून चांगलं सांगितलं.

"पाच घरं... दोन दिवस लागतील," नझीरभाईंनी बोटांवर मोजलं आणि ते हसले. "विकत घेण्यापेक्षा स्वस्तच पडलं की मला! चला ताई, आत्ताच नेतो. दोन तास उजेड आहे अजून."

चौघांनी यंत्र खाली नेऊन पिकपवर चढवलं. तेवढ्यात काकीच्या मोबाइलवर काकाचा फोन आला. मी उचलला. "गेलं का गो यंत्र नझीरभाईंच्या गाडीत?"

"गेलं."

"बरं झालं. किती मिळाले?"

"अजून मोजायचेत. काकी पण त्याच्याबरोबर चाललीय."

"आं?" काका पलीकडून ओरडला.

काकी पाय धुऊन गाडीकडे निघाली, तेवढ्यात आबा रस्त्यापर्यंत खाली आले. धापा टाकत होते. धोतराला चिखल, हातात दांड्यावरून सोडलेला माझा फोन.

"बंद झालं का गो ह्ये घड्याळ?"

"झालं, आबा."

"नक्की? आता बोललं तर काय पडत नाय?"

"काय सुद्धा नाय."

"मग चल वर. बस जरा." आबा वळून इतक्या मोठ्यानं ओरडले, की डोंगरानंही ते ऐकलं. "ठके, च्या टाक! दूध जास्त घाल! आठ दिवस ह्या पोरीला कुनी च्या पाजला नाय!"

आम्ही ओटीवर बसलो. सगळ्यांना एकदम बोलायचं होतं. आठ दिवसांचं तुंबलेलं होतं. ठकूबायचा गुडघा, मुंबईचा नातू, हैबतीचे बैल, कुणाच्या म्हशीला झालेली पारडी. काकी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश पीत होती. दुसरा कप आला. नझीरभाई कप हातात घेऊन खालच्या पिकपकडे, मग आभाळाकडे आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"ताई, निघू या का? उजेड जाईल."

"बसा ओ भाऊ," काकी म्हणाली आणि बशी पुढे केली. "तुमचा तास अजून सुरू नाय झाला."